वेशीवरच्या गोधड्या

‘लक्तरे वेशीवर टांगणे’ हा वाक्प्रचार मी कॉलेजात गेली वीस वर्षे समजावून देत आलो आहे. मला स्वतःला तो समजला 2023 सालच्या भाद्रपदात, मेणवलीला, आणि तोही आत्याकडून.

वाईपासून तीन किलोमीटरवरचे हे गाव पुष्कळांनी पाहिलेले असते. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेवर अर्धचंद्राकृती घाट, मेणेश्वराचे देऊळ, आणि 1739 साली मराठ्यांनी वसई जिंकल्यावर इकडे आलेली ती पोर्तुगीज घंटा. 2004 साली ‘स्वदेस’ चित्रपटात हा घाट दिसला, तेव्हापासून तर गर्दी फारच वाढली. मंडळी येतात, घंटेपाशी फोटो काढतात आणि पाचगणीच्या रस्त्याला लागतात. माझी मेणवली मात्र आत्याच्या माजघरात आहे. तिथे कोपऱ्यात छातीइतक्या उंचीची गोधड्यांची चवड असे आणि लहानपणी आम्ही भावंडे तिच्यावरून खाली उड्या मारीत असू.

या गोधड्यांचे छोटेसे प्रदर्शन भरवावे, ही कल्पना माझ्या मुलीची. मी लगेच एक फलकही तयार केला, ‘लोककलेचा वारसा’ वगैरे. (मराठीच्या प्राध्यापकाला फलक लिहायला दिला की असेच होते.) आत्याने तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“अरे, आपली लक्तरं आपणच वेशीवर टांगायची? आणि तू एवढा शिकलेला!”

शेजारपाजारी विचारून आलो. बायका “हो, देऊ की” म्हणाल्या आणि संध्याकाळी खरोखरच घेऊन आल्या. काय? तर घडी न मोडलेल्या सोलापुरी चादरी आणि लेकाने शहरातून धाडलेली गुबगुबीत ब्लँकेटे! गोधडी एकीनेही आणली नाही. त्यांचे तरी काय चुकले? गोधडी म्हणजे घराची झाकली मूठ. लुगडे कुठवर नेसले, धोतर कितीदा सांधले, हे सारे तिच्यात उघडे पडलेले असते.

प्रदर्शन बारगळले असे समजून आम्ही आत्याच्या हाताखाली लागलो. तिची एक गोधडी अर्धवट होती. अलीकडे तिचा हात थरथरतो. रजईत कापूस भरतात, गोधडीत भरतात ती घरातलीच जुनी कापडे. खाली एक धड लुगडे जमिनीवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर विरलेल्या कापडांचे थर, वर पुन्हा धड लुगडे. मग मोठे टाके घालून सगळे टाचून घ्यायचे आणि कडेने धावदोरा घालीत चौकोनात चौकोन करीत आत सरकायचे. फाटके आत आणि धड बाहेर, एवढेच तिचे शास्त्र. पत्नी आणि मुलगी पटापट शिकल्या. माझे टाके मात्र बोट-बोट लांबीचे पडत होते. आत्या म्हणाली, “यात पाय अडकेल रे कुणाचा.”

मधल्या थराला तिने माझ्याकडून दादांचा सदरा मागवून घेतला होता. दादा म्हणजे माझे वडील, तिचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. सदरा तिने उलगडला, खिसा चाचपून पाहिला आणि काही न बोलता पसरला.

त्या साली अधिक मासामुळे नवरात्र ऑक्टोबरच्या मध्यावर गेले होते आणि पाऊस ओसरून ऊन कडक पडले होते. घट बसण्याआधी घरातले सारे पांघरूण-अंथरूण धुवायचे, हा आपला रिवाज. आदल्या रविवारी सकाळी घाटावर गेलो आणि पाहतच राहिलो. पायऱ्या-पायऱ्यांवर गोधड्या वाळत पडल्या होत्या! हिरव्या, तांबड्या, इरकली काठांच्या, बाळाच्या दुपट्यापासून चौघे झोपतील एवढ्या वाकळीपर्यंत. मुलगी म्हणाली, “बाबा, हे टांगायला तुम्ही परवानगी मागत होतात?”

तिने चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीला दोनच प्रश्न: कुणी शिवली, आणि आत कुणाकुणाची कापडे आहेत? पहिला प्रश्न एका शब्दात संपे. दुसऱ्याला चिठ्ठी पुरत नसे. सासूचे लुगडे, दिराचा पटका, मिलमध्ये असलेल्या सासऱ्यांची खाकी विजार. सकाळी लाजणाऱ्या बायका दुपारी “माझं लिहिलंस का गं?” म्हणून मुलीच्या मागे लागल्या. तेवीस गोधड्या झाल्या. माझा फलक आत्याच्या घरीच राहिला, तो बरा राहिला.

दुपारी एक सुखवस्तू जोडपे एका वाकळीपाशी थांबले. शेजारी बसलेल्या म्हातारीला बाईंनी सरळ किंमत विचारली, मग आपणच तीन हजार सांगितले आणि लगेच पाचावर गेल्या. म्हातारीने चिठ्ठीकडे बोट केले. तिचे माहेर इथून वर, कृष्णेकाठीच. 1970 नंतरच्या दशकात धोमचे धरण झाले आणि घर पाण्याखाली गेले. निघताना आईने तिथल्या कापडांची ही वाकळ शिवून लेकीला दिली होती.

“आवं, घर इकत्यात का कुनी?” ती शांतपणे म्हणाली. “बसा, ऊन लई हाय. पानी देऊ का?”

बाई खरेच तिच्याशेजारी टेकल्या. तासभर काय बोलत होत्या कोण जाणे; घंटेपाशी फोटो काढायचा राहिला एवढे खरे.

उन्हे कलल्यावर एकेकीने आपापली गोधडी झटकून खांद्यावर टाकली. चिठ्ठ्या काढून द्या म्हटले तर कुणी देईना. त्या घरी गेल्या.

रात्री आत्याच्या अर्धवट गोधडीभोवती आम्ही पुन्हा बसलो. मुलीने शेवटची चिठ्ठी पुढे ओढली. “आत्याआजी, हिचं काय लिहू?”

आत्या सुईत दोरा ओवण्याच्या खटपटीत होती. चौथ्या खेपेला ओवला गेला.

“अजून व्हायची आहे ती. दिवाळीला या, मग लिही.”