न दिसणाऱ्या उजेडातले आर. के. पुरम

दिल्लीच्या सरकारी वसाहती पाहायला सहसा कुणी मुद्दाम जात नाही. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट पाहून प्रवासी आग्ऱ्याची गाडी पकडतात. पण केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांना आर. के. पुरम हे नाव चांगले परिचयाचे आहे. कुणाचा ना कुणाचा काका, मेहुणा किंवा गाववाला इथल्या क्वार्टरमध्ये राहून गेलेला असतोच.

दक्षिण दिल्लीत रिंग रोड आणि आउटर रिंग रोड यांच्या मध्ये ही वसाहत पसरली आहे. पूर्ण नाव रामकृष्णपुरम. रामकृष्ण परमहंसांवरून ते पडले. मोहम्मदपूर, मुनिरका या जुन्या गावांच्या शेजारी इथे सेक्टर आखले गेले, कर्मचाऱ्यांसाठी घरे बांधली गेली आणि सरकारी कचेऱ्या आल्या. केंद्रीय जल आयोगाचे सेवा भवन इथेच आहे. सेक्टर 7 मधल्या टेकडीवर दाक्षिणात्य पद्धतीचे स्वामिनाथाचे मंदिर आहे. दिल्लीकर त्याला ‘मलै मंदिर’ म्हणतात. मलै म्हणजे तमिळमध्ये डोंगर. सेक्टरांच्या अधेमधे लोदी काळातले जुने घुमटही उभे आहेत. मुलांचा क्रिकेटचा चेंडू त्यांच्या भिंतीवर आपटतो, इतके ते घरच्यासारखे झाले आहेत.

पण या वसाहतीचे खरे वैभव म्हणजे तिची झाडे. कडुनिंब, जांभूळ, पिंपळ, अर्जुन, बहावा, सप्तपर्णी! घरे बुटकी आणि झाडे उंच, अशी ही दिल्लीतली जुनी तऱ्हा. हीच झाडे एका निराळ्या उजेडात पाहिली तर? तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण थोडी दुरुस्ती केलेल्या कॅमेऱ्याला दिसतो.

तांबड्याच्या पलीकडे

माणसाच्या डोळ्याला साधारण 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. 1800 साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून प्रत्येक रंगाजवळ तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. हेच अवरक्त किरण. पुढे 1910 मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने या किरणांत टिपलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरीशुभ्र आणि आकाश काळेभोर होते.

झाडे पांढरी का दिसतात? पानातले हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा थोडासा परत पाठवते. अवरक्त किरण मात्र ते अडवतच नाही. हे किरण पानाच्या आत शिरतात, तिथल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटत राहतात आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास उलट बाहेर येतात. म्हणजे आपल्याला गडद हिरवा दिसणारा कडुनिंब या किरणांत दिव्यासारखा उजळलेला असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा कॅमेरा उष्णता मोजत नाही. अंगाचा ताप दाखवणारी यंत्रे कितीतरी जास्त लांबीच्या लहरींवर चालतात. इथे टिपला जातो तो सूर्याचाच, पानावरून परतलेला प्रकाश.

कॅमेऱ्यावर शस्त्रक्रिया

फिल्मच्या काळात हा छंद भलताच कष्टाचा होता. खास फिल्म मिळवायची, ती थंड जागी जपायची आणि पूर्ण अंधारातच कॅमेऱ्यात भरायची! कोडॅकने आपली प्रसिद्ध अवरक्त फिल्म 2007 मध्ये बंद केली. तोवर डिजिटल कॅमेरे आले होते आणि त्यांतले सिलिकॉनचे संवेदक जात्याच अवरक्त किरण टिपतात. पण त्यामुळे नेहमीच्या फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून कारखान्यातच संवेदकापुढे एक काच बसवलेली असते. ती हे किरण गाळून टाकते.

कॅमेरा बदलून घेणे म्हणजे ही काच काढून तिच्या जागी दुसरी बसवणे. 720 नॅनोमीटरची काच सर्वांत प्रचलित आहे. ती दृश्य प्रकाश जवळजवळ सगळा अडवते आणि अवरक्त तेवढा आत सोडते. 590 ची काच थोडे रंगही येऊ देते, तर 830 ची निव्वळ काळेपांढरे चित्र देते.

काम ऐकायला सोपे, पण घरच्या स्वयंपाकाच्या टेबलावर करण्याजोगे नाही. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यानंतरही जबर विद्युतभार उरतो, त्याचा धक्का जिवावर बेतू शकतो. धुळीचा एक कण काचेखाली अडकला तर तो प्रत्येक फोटोत डाग होऊन उमटतो. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसही नव्याने जुळवावा लागतो. बिनआरशाचे कॅमेरे थेट संवेदकावरूनच फोकस करतात, त्यामुळे त्यांत ही अडचण राहत नाही. म्हणून जाणकार कारागिराकडेच जावे. दिल्लीत कॅमेऱ्यांची मोठी बाजारपेठ म्हणजे चांदणी चौकातला कूचा चौधरी. 2018 पासून आर. के. पुरमला मेट्रोही आली आहे. हौज खासला गाडी बदलली की थेट चांदणी चौक गाठता येतो. तिथे जुना, वापरलेला कॅमेरा घ्यावा आणि तो बदलून देणारा कारागीर कुणी आहे का, याची चौकशी करावी. कपाटात पडून असलेला जुना कॅमेरा तर सर्वांत उत्तम! कारण एकदा काच बदलली की त्या कॅमेऱ्यातून पूर्वीसारखे साधे रंगीत फोटो निघत नाहीत. घरातला एकुलता एक कॅमेरा यासाठी देऊ नये.

आधी खर्च नको असेल तर एक सोपी परीक्षा आहे. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर ठिपका चमकला, तर कॅमेऱ्यात काही अवरक्त किरण शिरत आहेत. अशा कॅमेऱ्याच्या भिंगावर वरून फिल्टर लावून, तिपाईवर ठेवून, कित्येक सेकंदांचा वेळ देऊन फोटो काढता येतो. फक्त वाऱ्याने पाने हलली की चित्र पुसट होते.

वसाहतीतला फेरफटका

नेहमीचे छायाचित्रकार सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊन शोधतात. या फोटोंना मात्र लख्ख दुपार चालते. पाऊस सरल्यानंतरचे सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस यासाठी छान. झाडे धुतलेली असतात, आकाश निळे असते. अशा वेळी मलै मंदिराकडे पाहावे. दगड करडाच राहतो, भोवतालची झाडी पांढरी होते आणि मागे काळे आकाश. मंदिरात कॅमेरा नेण्यापूर्वी मात्र विचारून घ्यावे. सेक्टर 5 मधल्या वजीरपूरच्या घुमटांपाशीही असेच दृश्य मिळते. तिथे मकबऱ्यांबरोबर एक बारवही आहे.

घरच्या मंडळींचे फोटो काढले तर आणखी गंमत. कापडाचे पुष्कळ काळे रंग अवरक्त किरण शोषत नाहीत. त्यामुळे संक्रांतीची काळी चंद्रकळा फोटोत चक्क फिकी उतरू शकते! चेहरे दुधासारखे नितळ आणि डोळे गडद.

दिल्लीच्या प्रदूषित हवेतूनही हे किरण आरपार जात असतील, असे काहींना वाटते. पातळ, निळसर धूसरपणा ते नक्कीच भेदतात, कारण लहर जितकी लांब तितकी ती हवेच्या रेणूंवर कमी विखुरते. पण हिवाळ्यातले धुके आणि धूर यांतले कण मोठे असतात. त्यांच्यापुढे अवरक्त किरणांचेही फारसे चालत नाही. नोव्हेंबरच्या काळवंडलेल्या दुपारी कॅमेराही हात टेकतो.

चित्रापलीकडचा उपयोग

ही नुसती हौस नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनी 1970 च्या सुमारास केरळात एक प्रयोग घडवून आणला. हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. रोगाने पोखरलेली झाडे निरोगी झाडांहून वेगळी उमटली. भारतातल्या दूरसंवेदनाची ही सुरुवात मानली जाते. 17 मार्च 1988 रोजी सोडलेल्या आयआरएस-1ए उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही अवरक्त पट्टा होता. पिके आणि जंगले आकाशातून मोजण्याचे गणित तांबड्या व अवरक्त प्रकाशाच्या तुलनेवरच उभे आहे.

मग आर. के. पुरमच्या झाडांना याचा उपयोग काय? दक्षिण दिल्लीतल्या जुन्या सरकारी वसाहती पाडून उंच इमारती बांधण्याच्या योजनेला 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. सात वसाहतींच्या त्या यादीत लगतचे मोहम्मदपूर आणि सरोजिनी नगर ही नावे होती. 2018 च्या जून महिन्यात हजारो झाडे तोडली जाणार हे कळताच नागरिक रस्त्यावर आले. काहींनी झाडांना मिठ्या मारल्या आणि उच्च न्यायालयाने तोडीला स्थगिती दिली. घरे जुनी झाली की बदलावी लागतात, वाढत्या शहराला जागाही हवी. पण पन्नास वर्षांचा कडुनिंब तोडून कुठेतरी दहा रोपे लावली म्हणजे हिशेब चुकता झाला, असे होत नाही. रोप जगेल तेव्हा जगेल, सावली मात्र आजच गेलेली असते.

अशा वेळी नोंद उपयोगी पडते. एकच फोटो पाहून झाड आजारी आहे असे म्हणता येत नाही. कोवळी पालवी, ऊन, कोन, धूळ, सगळ्यांनी फरक पडतो. उत्तर भारतात तर मार्च-एप्रिलमध्ये कित्येक झाडांची पानगळ असते, तेव्हा निरोगी झाडही काळवंडलेले दिसेल. पण त्याच जागेवरून, दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच वेळी फोटो काढला आणि चौकटीत एक करडा पुठ्ठा मापासाठी ठेवला, तर चार वर्षांत बदल ध्यानात येतो. कोणता शेंडा वाळतो आहे, बुंध्याभोवती सिमेंट ओतल्यावर कोणते झाड मंदावले, हे निदान विचारता तरी येते. उत्तर वृक्षतज्ज्ञाने द्यावे.

शाळेतली मुले, निवृत्त आजोबा, घरातल्या गृहिणी, कुणीही हे काम करू शकेल. आपल्या सेक्टरमधली झाडे मोजावीत, त्यांची नावे लिहावीत, वर्षातून एकदा त्यांचा फोटो काढावा. त्यासाठी पहिल्याच दिवशी कॅमेरा उघडून घेण्याची गरज नाही. आधी वही आणि पेन्सिल घेऊन खाली उतरले तरी पुरे.