पांढऱ्या गावाला जायचंय? बूट घट्ट बांधा!

दोस्तांनो, अ‍ॅटलास उघडा आणि स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर बोट ठेवा. मालागा सापडलं? आता भूमध्य समुद्राच्या कडेकडेनं बोट पूर्वेला सरकवा. साधारण ५० किलोमीटरवर नेर्हा नावाचं छोटं शहर लागेल. तिथून ६ किलोमीटर डोंगर चढलं, की आलं आपलं गाव : फ्रिहिलियाना!

लांबून पाहाल तर डोंगरावर कुणी मूठभर खडूच सांडलेत असं वाटेल. सगळी घरं पांढरी, एकाच्या डोक्यावर दुसरं. हा पांढरा रंग म्हणजे मूळचा आपला ओळखीचा चुना. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो. पाणी घातलं की तो फसफसून विरतो. तो भिंतीला फासला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे भिंतीवर चढतो तो दगडाचाच पापुद्रा! पांढरी भिंत ऊन परतवते, त्यामुळे घरात गारवा राहतो.

आता बेत आखूया. शेंगेन व्हिसाचं काम आईबाबांवर सोपवा, आणि तेही लवकर. माद्रिदपर्यंत विमान, तिथून वेगवान रेल्वेनं मालागा, मग बसनं नेर्हा आणि दुसऱ्या छोट्या बसनं गाव. या शेवटच्या बसचं वेळापत्रक आधीच विचारून ठेवा, नाहीतर चढ पायी! जुलै-ऑगस्टमध्ये तिथं कडक ऊन असतं. आपली मे महिन्याची सुट्टी मात्र अगदी सोयीची. दुपारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा सकाळी नाहीतर संध्याकाळी फिरा.

बहुतेक प्रवासी दोन तासांत कुंड्यांचे फोटो काढून परततात. तुम्ही तसं करू नका. एक रात्र मुक्काम कराच. कारण या गावाची गोष्ट भिंतींवर लिहिली आहे आणि ती वाचायला वेळ लागतो. जुन्या भागातल्या गल्ल्यांत चिनी मातीच्या फरशांचे १२ फलक बसवले आहेत. एकेक शोधत पायऱ्या चढायच्या.

गोष्ट आहे १५६९ सालची. ग्रानादाचं मुस्लिम राज्य १४९२मध्ये पडलं. पुढे तिथल्या मुसलमानांना सक्तीनं ख्रिस्ती करण्यात आलं. त्यांना मोरिस्को म्हणत. मग राजा दुसरा फिलिप याच्या १५६७च्या फर्मानानं त्यांची अरबी भाषा, त्यांचा पोशाख, त्यांच्या चालीरीती, सगळ्यावर बंदी आली. घरातसुद्धा आपल्या भाषेत बोलायचं नाही! १५६८च्या नाताळात बंड पेटलं. पुढच्या जूनमध्ये या गावावरच्या डोंगरावर मोरिस्को बायकामुलांसह जमले होते. तिथं मोठी लढाई झाली आणि ते हरले. १५७०मध्ये ग्रानादा राज्यातल्या मोरिस्कोंना हाकलून स्पेनच्या दुसऱ्या भागांत पाठवलं गेलं. इथल्या रिकाम्या घरांत बाहेरून आणलेली कुटुंबं राहायला आली. ज्या अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या आपण हौसेनं पाहतो, त्या या हाकललेल्या लोकांच्या.

त्यांच्या काळातली आणखी एक खूण तुम्हाला चाखता येईल. स्पेनमध्ये ऊस आणला अरबांनी. गावात एका जुन्या वाड्यात उसाचा रस आटवण्याचा कारखाना आहे. असा युरोपात आता हा एकच उरलाय म्हणतात. तिथं तयार होतो 'उसाचा मध'. चाखून पाहा आणि सांगा काय ते. अहो, ही तर आपली काकवी! कोल्हापूरच्या मुलांना सांगायलाच नको. तळलेल्या वांग्याच्या कापांवर ती घालून देतात. शाकाहारी मंडळींची सोय झाली! स्पॅनिश भाषेत साखरेला म्हणतात 'असूकार'. तो शब्द अरबीतून गेला आणि त्याचं मूळ आपल्या 'शर्करा'त आहे.

आणि हो, उघड्या दारातून डोकावून फोटो काढू नका. तिथं माणसं राहतात, जेवतात, झोपतात.

दुसऱ्या दिवशी खाली उतराल तेव्हा नेर्हाजवळची गुहा चुकवू नका. १२ जानेवारी १९५९ रोजी वटवाघळं शोधायला निघालेल्या पाच मुलांना ती सापडली! आत ३२ मीटर उंचीचा दगडी खांब आहे, साधारण दहा मजली इमारतीएवढा. त्या मुलांना अंधारात सरपटत शिरावं लागलं होतं. तुमच्यासाठी पायऱ्या आणि दिवे आहेत. तिकीट मात्र काढावं लागेल.