अर्धी बादली

जिंतूरहून परतलो, तेव्हा काळ्या रानाची बारीक धूळ गाडीवर सायीसारखी बसली होती. परभणीत उन्हाळ्याचे दिवस, नळाला पाणी यायला अवकाश. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. शेजारच्या जिल्ह्यात राहून ते पाहिल्यापासून अंगणात वाहणारी नळी मला निवांत बघवत नाही.

गाडी सावलीत घेतली. पत्रा निवल्यावर अर्ध्या बादलीत बाटलीवरच्या मापानं रिन्सलेस वॉश, म्हणजे मागाहून पाण्यानं धुवावं न लागणारं द्रावण, मिसळलं. त्यातलंच थोडं फवारलं आणि धूळ भिजू दिली. या द्रावणानं मातीच्या कणांभोवती निसरडा थर धरतो, म्हणून रंगावर ओरखडे कमी उमटतात. मग मायक्रोफायबरचं ओलं फडकं, वजन न टाकता, एका सरळ रेषेत. एक पट्टा पुसला की घडी उलटायची, कोरी बाजू वर.

घडी उलटता उलटता आईचं शेवटचं आजारपण आठवलं. तिचं अंग पुसताना हात असाच हलका व्हायचा. काही बोलायचं राहून गेलं होतं, ते अजून तसंच आहे. पण जपून हात फिरवणं हेही बोलणंच असावं, असं आज वाटलं.

चिखलाचे थर असतील तर मात्र फडकं लावू नका. ते आधी पाण्यानंच सोडवा. नुसत्या धुळीला अर्धी बादली पुरते. वाचलेलं पाणी घरासाठी ठेवा.