येळवशीचा आठवडा

15 डिसेंबर 2025, सोमवार

शुक्रवारी येळवस, म्हणजे शेतात जाऊन साजरी करायची अमावास्या. म्हणून आठवड्याचा विषय ‘शेत’ घेतला. आपल्या कर्नाटकातल्या अंगणवाडीच्या अभ्यासक्रमाचं नाव ‘चिली पिली’, म्हणजे पाखरांची किलबिल. त्यात एकेक विषय धरून गप्पा, गाणी, गोष्ट, हाताचं काम, खेळ गुंफलेले असतात. सकाळच्या गप्पांत आमच्या हुलसुरातल्या चारही बोली निघाल्या: मराठी, कन्नड, उर्दू, लमाणी. मी येळवस म्हटलं, तर एक पोरगी म्हणाली, ‘एळ्ळ अमावास्ये’. एळ्ळु म्हणजे तीळ. मराठी घरची लेकरं तो शब्द दिवसभर घोळवत बसली. वेगळा कन्नडचा तास घ्यावाच लागला नाही.

16 डिसेंबर

ज्वारी, तूर, हरभरा, तीळ सुपात एकत्र करून निवडायला दिले. कुणी रंगावरून ढीग केले, कुणी लहान-मोठ्यावरून. साडेचार वर्षांच्या एका पोरानं तूर आणि हरभरा एकाच ढिगात टाकले. “चुकलं बघ,” असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तोंड आवरून नुसतं विचारलं, “हे एकत्र का रे?”

“हे भज्जीतलं. ही ज्वारी आंबलीतली. आन् तीळ पोळीत.”

त्यानं येळवशीच्या जेवणावरून स्वतःचा नियम केला होता आणि तो शेवटपर्यंत पाळलाही होता. पुढं गणितात लागणारं वर्गीकरण ते हेच. मी चूक म्हटलं असतं, तर उद्या त्यानं माझ्या तोंडाकडं बघून दाणे ठेवले असते.

17 डिसेंबर

त्याचेच वडील न्यायला आले. “बाई, नुस्तं खेळवूलालाव का? शेजारचं पोरगं एबीसीडी लिहितंय, ह्याला पाटीवर रेघ येईना.” त्यांचा राग खोटा नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला लेकराचं शिक्षण डोळ्यानं दिसायला हवं असतं. त्यांना बसवून घेतलं आणि तुरीच्या ओल्या शेंगा पोराच्या पुढ्यात ठेवल्या. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत शेंग दाबून तो एकेक दाणा काढत होता. म्हटलं, “बघा, पेन्सिल ह्याच तीन बोटांनी धरायची असते. आधी ह्यांत बळ येऊ द्या.” ते बराच वेळ बोटांकडं बघत राहिले. पटलं की नाही, कळलं नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळातून, घरच्या भाषेतून शिकवा असं सांगितलं आहे. पण दारात उभ्या बापाला धोरण सांगून भागत नाही.

18 डिसेंबर

अंगणात कडब्याची खोप, येळवशीला शेतात करतात तशी. मदतनीस मावशींनी घरून दोन पेंढ्या आणल्या. पहिल्यांदा ताटं सरळ उभी केली, पडली. पुन्हा उभी केली, पुन्हा पडली. मी हात लावला नाही. शेवटी एका पोरीनं ताटं एकमेकांवर तिरकी टेकवली. दुसऱ्यानं वरून चिंधी बांधली. आत येळवशीच्या पूजेतले पांडव म्हणून पाच खडे मांडून मोजले, आधी मराठीत, मग ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु.

1945 पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्याला परवडत नाहीत, म्हणून शिंपले, बिया, पानं हाती घेतली. लेकरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथलं. सरकारची योजना 1975 ची. तिला यंदा 50 वर्षं झाली. त्या दोघींचं नाव आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या दिवशी घेतलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

20 डिसेंबर, शनिवार

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी आठच लेकरं. काल शेतात काय काय झालं ते सगळ्यांना एकदमच सांगायचं होतं. एकाचं सांगून होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं, एवढंच आज शिकवलं. त्यातच पाऊण तास गेला.

22 डिसेंबर, सोमवार

बुधवारी आलेले ते वडील आज पोराला वेळेवर सोडून गेले. जाताना म्हणाले, “घरी कन्नडच बोलावं का आता आम्ही?” नको, दादा. हुलसूरच्या सगळ्या आईबापांना माझं हेच सांगणं आहे: रात्री लेकराला जवळ घेऊन, आज काय केलंस, ते आपल्या बोलीत विचारा आणि त्याचं पुरतं ऐकून घ्या. कन्नड आम्ही शिकवतो.