नातीची गुणपत्रिका आणि घरची साक्ष

अमेरिकेत बारावीनंतर महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याची कागदपत्रे त्याची शाळा पाठवते. गुणपत्रिका शाळेची, शाळेचा परिचय देणारे पत्रक शाळेचे आणि विद्यार्थ्याविषयीचे पत्रही शाळेतील समुपदेशकाचे असते. मूल शाळेत न जाता घरीच शिकले असेल, तर ही तिन्ही कामे त्याच्या आईवडिलांकडे येतात. शिवाय आणखी एक कागद जोडावा लागतो. नववी ते बारावी या चार वर्षांत घरी जे जे विषय शिकवले, त्या प्रत्येकाचे वर्णन त्यात असते. कोणते पुस्तक वापरले, काय शिकवले, कोणी शिकवले, किती तास दिले, परीक्षा कशी घेतली, हे सारे. तेथे त्याला ‘कोर्स डिस्क्रिप्शन’ म्हणतात. सर्वच महाविद्यालये ते मागतात असे नाही; पण शाळेचे नाव ज्याच्या पाठीशी नाही, त्याला त्याचा मोठा आधार असतो.

आपल्या समाजातील अनेक घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांतील काही घरांत नातवंडे गृहशिक्षण घेत असतील. या कागदाचे काम मी जवळून पाहिले, म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

माझी मुलगी न्यू जर्सी राज्यात राहते. २०२० साली महामारीने शाळा बंद पडल्या, तेव्हा नात सहावीत होती. शाळा पुन्हा उघडल्यावरही मुलीने तिला घरीच शिकवायचे ठरवले. गृहशिक्षण अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, मात्र नियम राज्यागणिक निराळे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात दरवर्षी मुलाच्या कामाचे बाड पात्र परीक्षकाला दाखवून त्याचा अभिप्राय घ्यावा लागतो. न्यू जर्सीत शाळेबाहेर समकक्ष शिक्षण देण्यास कायद्याची मुभा आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही की कोठे अभ्यासक्रम सादर करावा लागत नाही. मुलीला हे फार सोयीचे वाटे. परंतु ज्या खात्याची कधी तपासणीच झाली नाही, त्याच्या शिलकेवर परक्याने विश्वास का ठेवावा, हा प्रश्न बारावीच्या उंबरठ्यावर उभा राहिलाच. गेल्या जूनमध्ये मी तेथे गेलो, तेव्हा तिने हे काम माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, “अण्णा, तुम्ही जन्मभर टिपणे लिहिली आहेत. एवढे बघून द्या.”

टिपणे लिहिली हे खरे. बँकेत कर्जप्रस्तावावर अधिकाऱ्याने टिपण लिहावे लागते. नवशिके अधिकारी लिहीत, ‘अर्जदार होतकरू व सचोटीचे असून व्यवसायाचे भवितव्य उज्ज्वल आहे.’ वरचा अधिकारी त्या ओळीवर लाल रेघ मारी. ‘अर्जदाराची हुंडी गेल्या तीन वर्षांत एकदाही न वटता परत गेली नाही,’ असे वाक्य असले, तर ते मात्र तो दोनदा वाची.

मुलीचा पहिला मसुदा होतकरू जातीचा होता. इंग्रजी साहित्याच्या वर्णनात ‘सखोल’, ‘सर्वांगीण’, ‘आव्हानात्मक’ हे शब्द तीन वाक्यांत पाच वेळा आले होते. तिचा दोष नाही. नमुने तसेच मिळतात. मी तिला चार वर्षांच्या वह्या बाहेर काढायला लावल्या. त्यातून वर्णन असे झाले: ‘वर्षभरात दोन नाटके, चार कादंबऱ्या व एक निबंधसंग्रह वाचला. एकूण नऊ निबंध लिहिले. त्यांपैकी चार पुन्हा लिहून घेतले. शेवटचा निबंध बारा पानांचा.’ पुढे पुस्तकांची नावे आणि गुणांची विभागणी. विशेषण एकही नाही. वाचणाऱ्याला मुलगी कितपत शिकली, ते आपले आपण ठरवता येते. प्रवेश समितीचा अधिकारी परका माणूस असतो. त्याच्या हाती एवढेच द्यावे.

तासांचा हिशेब हा या कामाचा कणा. तेथे प्रत्येक विषयाला ‘क्रेडिट’ असते. आमच्या बँकेतील क्रेडिटशी त्याचा संबंध नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कार्नेगी प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने रुळलेल्या मापाप्रमाणे एका विषयाचे साधारण १२० तास म्हणजे एक क्रेडिट. गृहशिक्षणातही बहुतेक घरे हेच माप वापरतात. माझ्या जावयांचे स्टेशनरीचे दुकान आहे. नातीने दोन वर्षे त्याची हिशेबाची पुस्तके सांभाळली. रोजकीर्द, खतावणी, मालाचा साठा, न्यू जर्सीच्या ६.६२५ टक्के विक्रीकराचे तिमाही विवरणपत्र, सारे तिने केले. आपल्या पेढ्यांवर पिढ्यान् पिढ्या असेच शिक्षण झाले आहे, म्हणून मला त्याचे कौतुक वाटले. मुलीने हा ‘लेखाकर्म’ विषय धरून पूर्ण क्रेडिट मांडले होते. रोजनिशी उघडली, तेव्हा त्यातील जवळपास निम्मे तास खोकी भरण्याचे व गल्ल्यावर बसण्याचे निघाले. ते दुकानाला मदत म्हणून उत्तम, पण तो अभ्यास नव्हे. ते वगळून ६४ तास उरले. क्रेडिट अर्धे झाले.

रविवारच्या पाठशाळेचाही विषय निघाला. वर्षाला तीस रविवार, दर वेळी दोन तास, म्हणजे साठ तास. गणिताने अर्धे क्रेडिट होत होते. परंतु तेथे लेखी काम नाही, परीक्षा नाही. ते आम्ही विषय म्हणून न दाखवता अर्जातील उपक्रमांच्या यादीत घातले. ती आता लहान मुलांना शिकवते, हेही तेथे लिहिता आले.

जीवशास्त्राच्या वर्णनावर थोडे थांबावे लागले. मुलीच्या घरी प्राण्याचे शवविच्छेदन होणे शक्यच नव्हते. अमेरिकेतील अनेक राज्यांत शाळेतल्या विद्यार्थ्यालाही त्याला नकार देऊन पर्याय मागता येतो, तेव्हा यात लपवण्यासारखे काही नाही. तरी मुलीने तो भाग मोघम ठेवला होता. आम्ही स्पष्ट लिहिले: ‘शवविच्छेदन केले नाही, त्याऐवजी प्रतिकृती व संगणकीय प्रणालीवर अभ्यास केला.’ त्याखाली सूक्ष्मदर्शकाखालील अठरा निरीक्षणांची यादी दिली. (पेशी पाहण्यासाठी सर्वत्र कांद्याचा पापुद्रा घेतात. नातीने ऱ्हिओच्या पानाचा घेतला होता. घरात कांदा नाही, हे कारण मात्र लिहिले नाही.)

सर्वांत अवघड प्रश्न श्रेणींचा. आईनेच शिकवले, आईनेच परीक्षा घेतली आणि आईनेच ‘ए’ दिला. बँकेत नोंद करणारा व ती तपासणारा एकच असू नये, हा पहिला धडा असतो. घरी दुसरा माणूस आणणार कोठून? म्हणून बाहेरची साक्ष लागते. कॅल्क्युलससाठी नातीने मे महिन्यातील ‘एपी’ परीक्षा दिली होती. तिचे गुण एक ते पाच या मापात कॉलेज बोर्ड देते. कॉलेज बोर्डाने अभ्यासक्रम संमत केल्याखेरीज मात्र विषयाच्या नावापुढे ‘एपी’ लावता येत नाही. मुलीने संमती घेतलेली नव्हती. म्हणून विषयाचे नाव नुसते ‘कॅल्क्युलस’ ठेवले आणि परीक्षेचे गुण वर्णनात शेवटी नोंदवले.

रसायनशास्त्राला अशी साक्ष नव्हती. अकरावीच्या वर्षी जावयांनी दुकान दुसऱ्या जागी हलवले आणि त्या धावपळीत पुस्तकाच्या सोळा प्रकरणांपैकी नऊच झाली. प्रयोगांचे साहित्य मागवलेले होते. त्याचे खोके कपाटात तसेच बंद होते. मसुद्यात मात्र ‘रसायनशास्त्र, प्रयोगांसह, एक क्रेडिट, श्रेणी ए’ असे लिहिलेले. मी विचारले, तेव्हा मुलगी रागावली. “शाळांमध्ये तरी सगळे धडे कुठे होतात, अण्णा? आणि हे तपासायला कोण येणार आहे?” पहिला प्रश्न अगदीच गैर नव्हता. दुसऱ्यावर मी बोललो नाही. इतकी वर्षे नोकरी सोडून तिने लेकीला शिकवले आहे; नात्यातल्या लोकांची बोलणी ऐकली आहेत. एका अर्ध्या वर्षाने ते सारे उणे दिसावे, हे तिला सोसवत नव्हते, हे मला कळत होते.

निकाल नातीनेच लावला. टेबलाच्या त्या टोकाला बसून ती ऐकत होती. म्हणाली, “आई, पहिल्या वर्षी मला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभे राहायचे आहे. तिथे ब्यूरेट धरता आली नाही, तर मी काय सांगू?”

मग ठरले. झालेल्या नऊ प्रकरणांचे ‘रसायनशास्त्र, भाग पहिला’, अर्धे क्रेडिट, प्रयोगांविना. आणि ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या सत्रासाठी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात प्रयोगशाळेसह रसायनशास्त्राला प्रवेश. अर्धवट विज्ञान दाखवून १ नोव्हेंबरच्या मुदतीत अर्ज करणे मुलीला रुचेना, म्हणून जानेवारीची मुदत धरली. मनासारख्या महाविद्यालयात लवकर अर्ज करण्याची संधी त्यात गेली. दोन दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही.

सप्टेंबरात एका संध्याकाळी नात प्रयोगशाळेतून आली, ती हातावर पिवळे डाग घेऊनच. व्हिनेगरमधील आम्लाचे प्रमाण तिने टायट्रेशनने काढले होते आणि बाटलीवर छापलेल्या पाच टक्क्यांच्या बरेच जवळ उत्तर आले होते. जेवताना ती आईला रंग नेमका कोणत्या थेंबाला बदलतो, ते समजावून सांगत होती. मी ऑक्टोबरात परत आलो.

डिसेंबरात कॉलेजची श्रेणी आली: बी प्लस. चार वर्षांच्या गुणपत्रिकेतील ‘ए’ नसलेली ती एकमेव ओळ. मुलीने फोनवर ती जरा पडेल आवाजात सांगितली. मी म्हणालो, “तीच ओळ मी आधी वाचली असती.” ती हसली की नाही, ते फोनवर समजले नाही, पण वर्षअखेरीस तिने तो कागद आहे तसा अर्जाला जोडून पाठवला. निकाल मार्चअखेर लागतात.