नाव नसलेला नकार

आमच्या घरी चांगला मोबाईल एकच, तो धाकट्या मुलीजवळ असतो. घरात रेंज येत नाही, म्हणून रात्री जेवणे आटोपली की ती बाहेरच्या पायरीवर जाऊन बसते. मागच्या उन्हाळ्यात एका रात्री फोन वाजला. तिने पाहिले, आणि काही न बोलता आत येऊन भांडी घासायला बसली. तिच्या मायने विचारले, “काय आलं व बाई?” ती म्हणाली, “काही नाही. नेहमीचंच.”

त्या ‘नेहमीचंच’ या शब्दाने आम्हाला त्या रात्री झोप आली नाही. मुलगी बी.ए. झाली, टायपिंग शिकली, संगणकाचा एमएससीआयटी कोर्स केला. झरीसारख्या ठिकाणी राहून तिने एवढे केले याचा आम्हाला अभिमान होता. पण तीन वर्षांत आमच्या घरात नेहमीचे काय होऊन बसले होते, ते आम्हाला माहीतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला तो संदेश वाचून दाखवायला लावला. इंग्रजी होता. तिने मराठीत सांगितला तो असा. प्रिय उमेदवार, आपल्या अर्जाबद्दल आभार. काळजीपूर्वक विचार करूनही आपली निवड करता येत नाही, याचा आम्हाला खेद आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा. आणि खाली बारीक अक्षरात लिहिले होते की या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

आम्ही विचारले, “यातले ‘आम्ही’ म्हणजे कोन?”

ती हसली. “कोनीच नाही बाबा. कंप्युटर पाठवते.”

“मंग खेद कोनाले झाला?”

याचे उत्तर तिच्याकडे नव्हते. तिने आतून एक वही आणून आमच्या पुढ्यात ठेवली. तारीख, जागा, फी, उत्तर असे चार रकाने आखलेले. एकूण अर्ज ६१. त्यांपैकी ३८ ठिकाणांहून काहीच उत्तर नाही. १७ ठिकाणांहून असलेच संदेश. ६ ठिकाणी परीक्षेला किंवा मुलाखतीला बोलावणे आले, त्यांतून काही झाले नाही. फी आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून चौदा हजारांच्या वर गेले होते. यातले बरेचसे पैसे तिच्या मायच्या निंदणाचे आणि कापूस वेचणीचे. मुलगी म्हणाली, “बाबा, ते मले ओळखतच नाही, तरी नाही म्हनतेत. एकसष्ट जन खोटं बोलनार नाही. माह्यातच काही कमी असंन.”

वाचकहो, तिचे हे शेवटचे वाक्य आम्हाला लागले, आणि त्याच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहोत.

नकार आमच्याही वाट्याला आले होते. आम्ही १९८८ साली बारावी झालो आणि यवतमाळला जाऊन सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले. एक कार्ड मिळाले. ते कार्ड आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत जपून ठेवायचो, मुदत संपली की पुन्हा यवतमाळला जायचो. ही कार्यालये देशात १९४५ पासून सुरू झाली, आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्या कार्डावर आमचे नाव होते, नंबर होता. रांग लांब होती, पण आम्ही रांगेत आहोत हे कार्ड पाहून कळायचे.

एकदा एका कारखान्यात मुलाखतीला गेलो. साहेबाने आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारले. त्यानंतर काहीच विचारले नाही. “कळवू” म्हणाला. आम्हाला तिथेच सारे कळले होते. परतीच्या एसटीत राग आला, डोळ्यांत पाणीही आले, पण ‘आमच्यात काही कमी आहे’ असे एका क्षणालाही वाटले नाही. कमी त्या साहेबात होती. पुढे आम्ही जिनिंगमध्ये कामाला लागलो, संसार केला.

बाबासाहेबांना काय सोसावे लागले, ते आपण सगळे जाणतोच. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. सरकारी बंगल्यासाठी केलेल्या अर्जाचा निर्णय लांबतच गेला. शेवटी बडोदे सोडून मुंबईला परतावे लागले. मुंबईत व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, जात कळली तशी गिऱ्हाइके गेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळेपर्यंतचा काळ असा गेला. पण नकाराचे कारण त्यांना ठाऊक होते. ते त्यांनी स्वतःच्या लेखणीने जगापुढे मांडले आणि त्याच कारणावर जन्मभर घाव घातले.

कारण ठाऊक असले की समाजही लढतो. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला, आणि कागदावर ‘बौद्ध’ लिहिले म्हणून केंद्राच्या नोकरीतल्या अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. अन्याय होता, पण कारण स्पष्ट होते. आपल्या माणसांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, आणि १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांना तो हक्क दिला. चौतीस वर्षे लागली, पण कोणाशी लढायचे आहे ते माहीत होते.

आता आमच्या मुलीने कोणाशी लढायचे? तिला नकार देणाऱ्याला चेहरा नाही, सही नाही. तिने अर्जात पूर्ण नाव लिहिले, आणि उत्तरात ती नुसती ‘उमेदवार’ झाली. कारण कोणी सांगत नाही, म्हणून ते ती स्वतःमध्ये शोधते. बोलून चालून शहाणी मुलगी आहे, शोधायला बसली की तिला दहा कारणे सापडतात. माझे इंग्रजी कच्चे, माझा रंग, माझे गाव, माझे आडनाव.

आडनावाची शंका खोटी नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ती तपासून पाहिली होती. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. कोणाचे नाव सवर्ण वाटावे असे, कोणाचे दलित, कोणाचे मुस्लिम. काम ६६ आठवडे चालले आणि निष्कर्ष ऑक्टोबर २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण सवर्ण नावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश निघाले. मुस्लिम नावाचे त्याहूनही कमी. त्या अर्जांनाही कोणी “तुमची जात आड आली” असे उत्तर पाठवले नसेल. नुसते बोलावणे आले नाही. हजारो अर्ज एकत्र मोजले तेव्हा कुठे ते दिसले. एकट्या मुलीला आपल्या वहीतून ते कसे दिसणार?

सरकारी भरतीत जात उघड आड येत नाही, राखीव जागा आहेत, हे मान्य. पण तिथे वाट पाहणे हाच नकार झाला आहे. मार्च २०१९ मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांच्या भरतीच्या जाहिराती निघाल्या. मुलांनी फी भरली, अभ्यास केला. ती परीक्षा झालीच नाही. २०२२ साली भरती रद्द करून फी परत करायचे ठरले. ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांची नवी जाहिरात आली, फी खुल्या वर्गाला १,००० रुपये आणि मागासवर्गीयांना ९००. आमच्याकडे निंदणाच्या तीन-चार दिवसांची मजुरी होते ती. त्याच वर्षी तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा अनेक दिवस, वेगवेगळ्या पेपरांनी झाली, म्हणून गुण समान पातळीवर आणण्याचे गणित लावले गेले, आणि कोणाला २०० पैकी २१४ गुण पडल्याचे वाचून खेड्यातली मुले चक्रावून गेली. गणिताला काही आधार असेलही, पण तो त्या मुलांना वेळेवर कोणी नीट समजावून सांगितला नाही.

दहा लाखांतून साडेचार हजार निवडायचे, तर बाकी साऱ्यांना ‘नाही’ येणारच. ते ‘नाही’ जागांच्या तुटवड्याचे आहे. पण येते प्रत्येकाच्या फोनवर वेगवेगळे, आणि प्रत्येकाला वाटते की ते आपल्या एकट्यासाठीच आले.

आमच्या मुलीने विहारात येणे सोडले होते. आम्हाला वाटले, अभ्यास असेल. तिच्या मायने खोदून विचारले तेव्हा कळले की वंदना झाली की बाया हटकून विचारतात, “लागली का व कुठं?” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण तिला रोज नव्याने ‘नाही’ म्हणावे लागे.

संयुत्तनिकायात सल्ल सुत्त आहे. सल्ल म्हणजे बाण. तथागत सांगतात की अजाण माणसाला एक बाण लागतो, आणि त्या वेदनेबद्दल शोक करत तो दुसरा बाणही लावून घेतो. जाणता माणूस पहिल्या बाणाची वेदना सोसतो, दुसरा लागू देत नाही. आम्ही तिला म्हटले, बाई, नोकरी मिळाली नाही हा पहिला बाण. तो खरा आहे, दुखणारच. ‘माह्यातच कमी’ हा दुसरा. तो कोणत्याही कंपनीने मारलेला नाही.

पण नुसते सांगून भागत नाही. तिची वही घेऊन आम्ही एका रविवारी विहारात गेलो. ती संकोचली होती, तरी आली. त्रिशरण-पंचशील झाल्यावर आम्ही वही सर्वांपुढे वाचली. ६१ अर्ज म्हटल्यावर सगळे गप्प झाले. मग मागून एक मुलगा म्हणाला, “माहे नव्वद हायेत.” एकीने फोन काढून तिला आलेला संदेश वाचला, तो शब्दाला शब्द आमच्या मुलीचाच होता. तेव्हा मुलगी हसली, पुष्कळ दिवसांनी. पुढच्या रविवारी तिच्यासोबत अभ्यासिकेत बसणारा पोडावरचा एक कोलाम मुलगाही आपले कागद घेऊन आला. त्याच्या वस्तीवर फोनलाही टेकडी चढावी लागते, मुलाखतीचा निरोप त्याला तारीख उलटल्यावर मिळाला होता.

त्या दिवशी ठरले की जिथे कारण विचारता येते तिथे विचारायचे. खाजगी कंपनीला ते बंधन नाही. पण सरकारी कार्यालयाला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती द्यावी लागते, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही दहा रुपये लागत नाहीत. उत्तर आले नाही तर अपील आहे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केलेला आहे. मुलीने एका खात्याला अर्ज लिहिला. त्यांनी तिला फक्त ‘निवड झाली नाही’ एवढेच कळवले होते. आपले विषयवार गुण किती आणि शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे किती, एवढे दोनच प्रश्न तिने विचारले.

महिना उलटल्यावर पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. पाकिटावर तिचे पूर्ण नाव, बापाचे नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट झरी. त्याने तिची सही घेतली. ती शेवटच्या निवडीपासून तीन गुणांनी मागे होती. गणितात आणि सामान्य ज्ञानात पुढे होती, इंग्रजीत पडली होती.

नोकरी मिळाली नाही ती नाहीच. पण मुलगी पत्र घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तीन गुन बाबा! तीनच!” तिने वहीत पाचवा रकाना आखला, ‘कारण’, आणि त्यात पहिली नोंद केली. आता संध्याकाळी विहारात सात-आठ मुले-मुली इंग्रजीला बसतात. एक निवृत्त गुरुजी शिकवतात, फी नाही. अर्ज लिहिणारी मुले दुसऱ्यांचेही अर्ज लिहून देतात.

आमची घराघरांतल्या मायबापांना विनंती आहे. मुलाला रोज “लागली का?” विचारू नका. आज कोणता अर्ज भरला, कुठे अडले, ते विचारा. समजत नसले तरी जवळ बसा. त्याची वही असेल तर मागून पाहा, नसेल तर करून द्या. फोन पाहून मूल गप्प झाले तर ते गप्प बसणे नेहमीचे होऊ देऊ नका. ज्यांना नोकऱ्या लागल्या आहेत अशा समाजबांधवांनी महिन्यातला एक रविवार विहारात देऊन एखादा अर्ज तपासून द्यावा.

परवा रात्री पुन्हा फोन वाजला. बासष्टावा होता. मुलीने पायरीवरूनच आवाज दिला, “बाबा, खेद आला!” आणि आम्ही सगळे हसलो. मग ती आत आली, वही काढली, तारीख लिहिली, आणि जेवायला बसली.

जयभीम.