करतं की सांगतं?

माझ्या कामाला मराठीत अजून नाव नाही. मी अवजारांची वर्णनं लिहिते. अवजारं म्हणजे कोयता-पहार नव्हे, सॉफ्टवेअरमधली. एखादं रिकाम्या जागा पाहतं, एखादं पैसे परत करतं, एखादं पत्ता बदलतं. ती उचलणारा माणूस नसतो, एआय एजंट असतो. अवजाराच्या आतला कोड त्याला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे तीनच गोष्टी असतात: अवजाराचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा तक्ता. एवढ्यावरून तो ठरवतो, यातलं कोणतं उचलायचं, की काहीच उचलायचं नाही.

माणसासाठी लिहिलेली सूचना अर्धवट असली तरी निभावतं. तो शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो, ‘अरे, हे नक्की काय करतं रे?’ माझ्या वाचकाला शेजारचं टेबल नाही. तो प्रश्न विचारू शकतो, पण शंका आली तरच. आणि धूसर वाक्य वाचून त्याला शंका येईलच, याचा भरवसा नाही.

बंगळुरूत बसच्या आरक्षणाचं एक काम माझ्याकडे आलं होतं. त्यातल्या एका अवजाराचं इंग्रजी वर्णन होतं, ‘तिकीट रद्द करण्याचं काम हाताळतं.’ चाचणीत आम्ही प्रवासी होऊन विचारलं, “उद्याचं तिकीट रद्द केलं, तर किती पैसे कापले जातील?” एजंटने तेच अवजार उचललं, तिकीट रद्द केलं आणि किती पैसे परत मिळतील तेही नम्रपणे सांगितलं. तिकीट खोटं होतं, म्हणून कुणाचं काही गेलं नाही. पण प्रश्न खोटा नव्हता. घरात कुणी आजारी पडलं, सुट्टी मिळेल की नाही कळेना, की माणसं हाच प्रश्न विचारतात. त्यांचं अजून ठरलेलं नसतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हातची गेलेली जागा पुन्हा मिळत नाही.

वर्णन इंग्रजीत लिहायचं असलं तरी मी ते आधी मराठीत मोठ्याने म्हणते, घरी आईला सांगावं तसं. ‘हाताळतं’ म्हटलं की आई विचारणारच, “म्हणजे करतं की सांगतं?” मराठीत धुकं नाही असं नव्हे. ‘उचित कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात कोण, काय, केव्हा, कशाचाच पत्ता लागत नाही. पण ती कचेरीतली मराठी, स्वयंपाकघरात ती टिकत नाही. तिथे क्रियापदाला कामच करावं लागतं.

मग त्या अवजाराचं वर्णन असं झालं: ‘हे तिकीट कायमचं रद्द करतं. रद्द झालेलं तिकीट पुन्हा मिळत नाही. प्रवाशाने रद्द करायला स्पष्ट सांगितलं असेल तरच वापरावं. किती पैसे कापले जातील एवढंच विचारलं असेल तर वापरू नये, त्यासाठी परताव्याचा हिशेब सांगणारं अवजार वेगळं आहे.’ यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. वस्तू कशासाठी आहे हे सगळेच लिहितात. कशासाठी नाही, हे लिहायचं राहून जातं.

आपल्या देशात आणखी एक पेच आहे. मराठीत काल आणि उद्या असे वेगळे शब्द आहेत, हिंदीतला ‘कल’ मात्र दोन्हींकडे जातो. तिकीट काढताना अडत नाही, कारण कालचं तिकीट कोण काढेल? पण ‘कल की बस’चा परतावा मागणाऱ्याची बस सुटून गेलेली असेल किंवा सुटायची असेल. शिवाय ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. म्हणून तारखेच्या रकान्यापुढे मी लिहिते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, तारीख नक्की कळली नाही तर अंदाज न करता प्रवाशाला विचारावं.

सगळंच लिहिता येत नाही. एजंटपुढे तीस अवजारं असली, तर तीसही वर्णनं त्याच्यापुढे एकदम येतात, आणि लांबलेल्या वर्णनांच्या गर्दीत नेमकं वाक्य हरवतं. शिवाय वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये पुढे अवजारावर ‘हे मोडतोड करू शकतं’ अशी खूण करायची सोय झाली, पण तीही फक्त सूचनाच आहे. म्हणून जे परत फिरवता येत नाही, ते करण्याआधी माणसाला पुन्हा विचारण्याची अट कोडमध्येच असावी, असा माझा आग्रह असतो.

इंजिनिअर मित्र म्हणतात, “एवढं कशाला? समजून घेईल तो.” समजून घेणं हे ओळखीच्या माणसांत चालतं. इथे ओळख आम्हीच लिहून द्यायची आहे. प्रवाशाला यातलं काही दिसत नाही, दिसायची गरजही नाही. तो ‘तर’ म्हणाला आणि ते ‘तर’ म्हणूनच ऐकलं गेलं, एवढं त्याला मिळायला हवं.